मतदारसंघ : एक शब्द आणि त्याच्या सीमा

मुंबई इलाखा, नंतरचे मुंबई राज्य आणि त्यातून निघालेला महाराष्ट्र यांच्या विधिमंडळीय मतदारसंघांचा इतिहास बहुधा आकड्यांच्या आधारे सांगितला जातो. १९१९ च्या कायद्याने मुंबईच्या कायदे कौन्सिलास १११ सभासदांची संख्या नेमून दिली. १९३५ च्या कायद्याने विधानसभेच्या जागा १७५ केल्या. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत त्या ३१५ होत्या. द्विभाषिकाच्या काळात, १९५७ साली, ३९६ झाल्या. १९६० मध्ये त्यांची २६४ आणि १३२ अशी वाटणी महाराष्ट्र व गुजरात यांच्यात झाली. महाराष्ट्रात १९६७ साली २७० आणि १९७८ पासून २८८. ही मालिका बिनचूक आहे, आणि राज्यशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांना ती पुरते. परंतु ज्या वस्तूची ही मोजदाद, ती वस्तू या साठ वर्षांत तीच राहिली होती काय, हा प्रश्न त्या मालिकेत विचारलेला नसतो. १९२० च्या निवडणुकीतील मतदारसंघ आणि १९७८ च्या निवडणुकीतील मतदारसंघ यांना एकच शब्द लावला जातो. त्यांच्यातील साम्य मात्र त्या शब्दापलीकडे फारसे जात नाही.

शब्दापासूनच प्रारंभ करणे सोयीचे. हिंदीने या अर्थासाठी 'निर्वाचन क्षेत्र' हा शब्द घेतला. त्यात भूमी आहे. मराठीने 'मतदारसंघ' घेतला. त्यात माणसे आहेत. इंग्रजी 'कॉन्स्टिट्युअन्सी' हा शब्दही मुळात प्रतिनिधीला निवडून देणाऱ्या समुदायाचा, जमिनीचा नव्हे. (कॅनडात याच वस्तूला 'रायडिंग' म्हणतात, त्या शब्दाचा घोड्यावर बसण्याशी संबंध नसून तो 'तृतीयांश' या अर्थाच्या जुन्या उत्तर-युरोपीय शब्दाचा अपभ्रंश आहे. तो पूर्णपणे भूमीचाच शब्द होय.) मराठी शब्दातील 'संघ' हा आलंकारिक नव्हता. ज्या काळात तो रूढ झाला त्या काळी अनेक मतदारसंघांना भूमीच नव्हती. दख्खनचे सरदार व इनामदार यांचा एक मतदारसंघ होता, गुजरातेतील सरदार व इनामदारांचा दुसरा. मुंबई विद्यापीठाचा एक होता. गिरणीमालक आणि व्यापारी यांच्या संस्थांचे वेगळे होते. अशा ठिकाणी 'क्षेत्र' हा शब्द निरर्थक ठरला असता आणि 'संघ' हाच यथार्थ होता. पुढे घटनेला जेव्हा केवळ भूभागावर आधारलेले मतदारसंघ अभिप्रेत झाले, तेव्हा १७०व्या अनुच्छेदात त्या नामास 'प्रादेशिक' या अर्थाचे विशेषण जोडणे भाग पडले. विशेषण लागते तेथे नामाचा मूळ अर्थ दुसराच असतो, ही भाषाशास्त्रातील साधी खूण येथेही खरी ठरते. जुना अर्थ पूर्ण लोपलाही नाही: महाराष्ट्र विधानपरिषदेच्या ७८ जागांपैकी ७ पदवीधरांच्या आणि ७ शिक्षकांच्या मतदारसंघांतून भरावयाच्या असतात, आणि तेथे 'संघ' आपल्या मूळ अर्थानेच नांदतो.

तेव्हा प्रांताच्या मतदारसंघांतील बदल हा 'कोण' या प्रश्नाकडून 'कोठे' या प्रश्नाकडे झालेला प्रवास आहे, असे प्रथमदर्शनी म्हणता येते. बहुतेक अभ्यासकांनी तसे म्हटलेही आहे. पण परिसीमनाचे आदेश आणि त्यांच्या मागचे कायदे ग्रंथ म्हणून वाचले असता दिसते ते वेगळे. 'कोण' हा प्रश्न सुटलेला नाही. त्याने केवळ जागा बदलली आहे. मतदारसंघाच्या व्याख्येतून तो निघाला आणि काही मोजक्या शब्दांत जाऊन बसला.

१९१९ ची रचना पाहावी. जिल्हा हा ग्रामीण मतदारसंघाचा सामान्य घटक. त्या जिल्ह्यातही मतदारांचे दोन भाग, मुसलमान आणि मुसलमानेतर. एकाच गावातील दोन शेजारी भूगोलाने एकत्र आणि मतदारसंघाने विभक्त होते. शिवाय मताचा अधिकार जमिनीच्या साऱ्यावर अवलंबून. मुंबई इलाख्यात सामान्यतः ३२ रुपये आकाराची जमीन धारण करणारास तो मिळे. रत्नागिरी आणि पंचमहाल या जिल्ह्यांत, तसेच सिंधच्या वरच्या सरहद्दीवर, ही मर्यादा १६ रुपयांची होती. कोकणातील तुकड्या-तुकड्यांची भातजमीन देशावरच्या मापाने मोजली तर जिल्हाच्या जिल्हा मतदारांवाचून राहील, हे नियम करणाऱ्यांना कळत होते. याचा अर्थ असा की 'रत्नागिरी जिल्हा मतदारसंघ' हे नाव भूभागाचे दिसले, तरी त्याची खरी सीमा साऱ्याच्या वहीतून जात होती. नकाशा हा तिचा केवळ बाह्य आकार.

या रचनेतील 'मुसलमानेतर' हे नाव ध्यानात घेण्यासारखे आहे. बहुसंख्य समाजाचे नामकरण अभावाने झाले होते. तो कोण आहे हे न सांगता कोण नाही एवढेच सांगितले होते. १९३५ च्या कायद्याने हे नाव टाकले आणि 'जनरल' म्हणजे 'सर्वसाधारण' हा शब्द आणला. मुंबई विधानसभेच्या १७५ जागांचे कोष्टक पाहिले तर ११४ जागा सर्वसाधारण, त्यांतील १५ अनुसूचित जातींसाठी व ७ मराठ्यांसाठी राखीव, मुसलमानांना २९, मागास क्षेत्रे व जमातींना १, युरोपीयांना ३, भारतीय ख्रिस्त्यांना ३, अँग्लो-इंडियनांना २, व्यापार-उद्योगास ७, कामगारांना ७, जमीनदारांना २, विद्यापीठास १, आणि स्त्रियांना ६, त्यांतही ५ सर्वसाधारण व १ मुसलमान. अशा कोष्टकात 'सर्वसाधारण' म्हणजे काय? सगळ्या विशेष वर्गांना वजा केल्यावर उरते ते. शब्द होकारार्थी झाला, अर्थ नकारार्थीच राहिला. तरीही या शब्दबदलास महत्त्व आहे, कारण 'मुसलमानेतर' हा शब्द आपली मर्यादा उघड सांगतो आणि 'सर्वसाधारण' हा ती झाकतो. त्या वर्गाबाहेरचा प्रत्येक जण आता आपोआप 'विशेष' ठरला.

'सर्वसाधारण' या शब्दाच्या आत काय चालले होते याचे उत्तम उदाहरण म्हणजे १९३७ ची मुंबई प्रांतातील मतदानाची पद्धत. १९३२ च्या पुणे कराराने अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ न ठेवता सर्वसाधारण मतदारसंघांत राखीव जागा ठेवण्याचे ठरले. मुंबईस, त्या वेळी सिंध धरून, अशा १५ जागा आल्या. १९३६ साली सिंध वेगळा झाला तरी १७५ च्या कोष्टकात त्या १५ राहिल्या. राखीव जागा असलेला मतदारसंघ म्हणजे एकाहून अधिक सभासदांचा मतदारसंघ. प्रत्येक मतदारास जितक्या जागा तितकी मते. आता ही मते वेगवेगळ्या उमेदवारांना वाटलीच पाहिजेत, की एकालाच सर्व देता येतील, हा वरवर तांत्रिक वाटणारा प्रश्न होता. वाटलीच पाहिजेत असे ठरले असते तर राखीव जागेवरचा सभासदही बहुसंख्यांच्या मर्जीचाच येता. एकवटता आली तर अल्पसंख्य मतदार आपल्या पसंतीचा माणूस आणू शकत होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एकवटण्याच्या पद्धतीचा आग्रह धरला आणि मुंबई प्रांतात ती लागू झाली. सर लॉरी हॅमंड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९३६ मध्ये सीमा आखून दिल्या होत्या. पण मतदारसंघाचा राजकीय आकार त्या सीमांपेक्षा मते एकवटण्याच्या या मुभेने ठरला. स्वतः आंबेडकर १९३७ मध्ये ज्या मतदारसंघातून विधानसभेत गेले त्याचे नाव 'मुंबई शहर (भायखळा व परळ)', वर्ग 'सर्वसाधारण शहरी'. हे नाव पुढे पुन्हा लागेल.

घटनेने धर्मनिहाय व हितसंबंधनिहाय विभागणी विधानसभेपुरती रद्द केली. ३२५व्या अनुच्छेदाने प्रत्येक प्रादेशिक मतदारसंघास एकच 'सर्वसाधारण' मतदारयादी नेमून दिली, आणि त्या अनुच्छेदात हा शब्द प्रथमच आपल्या पूर्ण अर्थाने आला: कोणालाही न वगळणारा. पण निवडणुकीच्या रोजच्या व्यवहारात तोच शब्द दुसऱ्या अर्थाने राहून गेला. मतदारसंघांच्या यादीत ज्या नावापुढे 'अनुसूचित जाती' वा 'अनुसूचित जमाती' असे लिहिलेले नसते, तो 'सर्वसाधारण'. एका शब्दाचे दोन अर्थ एकाच कायदेशीर व्यवस्थेत शेजारी शेजारी आहेत. यादीचा 'सर्वसाधारण' सर्वांना कवेत घेणारा आणि जागेचा 'सर्वसाधारण' राखीवाचा विरुद्धार्थी. राखीव मतदारसंघातील मतदारयादीही सर्वसाधारणच असते, हे नागरिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांस वारंवार समजावून सांगावे लागते, याचे कारण विद्यार्थ्यांच्या बुद्धीत नसून या शब्दात आहे.

१९५२ आणि १९५७ च्या निवडणुकांत दोन सभासदांचे मतदारसंघ राहिले. एक जागा राखीव, एक खुली. मात्र १९३७ ची एकवटण्याची मुभा गेली होती. १९६१ च्या कायद्याने हे जोडमतदारसंघ मोडले आणि १९६२ पासून एक मतदारसंघ, एक सभासद ही रीत झाली. तेव्हापासून राखीव मतदारसंघ हा भूमीचा एक तुकडा झाला, ज्यात राहणाऱ्या प्रत्येकाने, मग तो कोणत्याही जातीचा असो, विशिष्ट जातींतील उमेदवारांपैकीच एकास मत द्यावयाचे. 'कोण' हा प्रश्न मतदाराकडून उमेदवाराकडे गेला.

१९५६ व १९६० या दोन वर्षांविषयी मराठीत विपुल लिहिले गेले आहे. येथे एवढेच नोंदविणे पुरे की राज्याची सीमा भाषेने ठरली, पण राज्याच्या आतील मतदारसंघांच्या सीमेशी भाषेचा संबंध कायद्याने कोठेच जोडलेला नाही. परिसीमनाच्या कायद्यात विचारात घ्यावयाच्या गोष्टी सांगितल्या आहेत: नैसर्गिक रचना, प्रशासकीय घटकांच्या प्रचलित सीमा, दळणवळणाची साधने, लोकांची सोय. भाषा त्यांत नाही. ज्या राज्याचा जन्मच भाषेच्या आग्रहातून झाला त्याच्या अंतर्गत नकाशात भाषा हा शब्दच नसावा, ही विसंगती म्हणावी की शहाणपण, यावर मतभेद संभवतो. मेळघाट हा अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ आहे. तेथील कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. मराठीशी तिचे नाते नाही, शेजारच्या गोंडीशीही नाही. कायद्याच्या दृष्टीला तेथे 'जमात' दिसते, 'भाषा' दिसत नाही. अहेरी, अक्कलकुवा यांविषयीही हेच म्हणता येईल. सीमेपलीकडे पाहिले तर १९५६ मध्ये बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातील चंदगड तेवढा कोल्हापुरास जोडून राहिला. बेळगावच्या परिसरातील उचगाव आणि बागेवाडी हे मतदारसंघ २००८ च्या परिसीमनात नाहीसे झाले आणि 'बेळगाव उत्तर', 'बेळगाव दक्षिण', 'बेळगाव ग्रामीण' अशी नावे आली. कर्नाटकाच्या इंग्रजी यादीतही यांतील पहिली दोन 'उत्तर' व 'दक्षिण' अशीच लिहितात. मराठी आणि कन्नड या दोहोंना सारखेच आपले वाटणारे संस्कृत शब्द तेथे निवडले गेले. वादग्रस्त भूमीवर दिशांनाच काय ती तटस्थता असते.

या विवेचनाचा मध्य मात्र दुसरीकडे आहे. महाराष्ट्राच्या मतदारसंघांत सर्वांत खोल बदल घडविणारा शब्द कोणता, असे विचारले तर उत्तर 'बौद्ध' हेच द्यावे लागेल. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धर्मांतर झाले. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या भूभागात अवघे अडीच हजार बौद्ध होते. १९६१ मध्ये ते सुमारे २७ लाख ९० हजार झाले. आता १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशातील तिसरा परिच्छेद असे सांगत होता की हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणारा मनुष्य अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. १९५६ मध्ये त्यात शिखांची भर पडली, बौद्धांची नाही. राखीव जागांची संख्या अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात ठरते. जनगणनेच्या तक्त्यातील एका रकान्यातून माणसे दुसऱ्या रकान्यात गेली आणि त्यांच्याबरोबर जागाही गेल्या. ती माणसे त्याच वस्तीत राहत होती, तोच व्यवसाय करीत होती, गावाने त्यांना दिलेली वागणूकही बदलली नव्हती. बदलला होता तो शब्द.

याचा न्यायालयीन प्रसंगही आहे आणि तो शब्दार्थाच्या अभ्यासकाने अवश्य वाचावा असा आहे. १९६२ च्या निवडणुकीत नागपुरातील एका राखीव मतदारसंघातून डॉ. डी. पी. मेश्राम निवडून आले. त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला असल्याने ते राखीव जागेस पात्र नाहीत, असा आक्षेप घेण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये तो मान्य केला. सारा वाद आदेशातील 'प्रोफेस' या एका इंग्रजी क्रियापदावर उभा होता. धर्म 'प्रोफेस' करणे म्हणजे अंतःकरणात तो असणे नव्हे, दीक्षाविधी यथासांग झाला की नाही हेही नव्हे. आपण त्या धर्माचे आहोत हे उघडपणे जाहीर करणे वा तसे आचरणे, असा अर्थ न्यायालयाने लावला. मराठीत या क्रियापदास एक शब्द नाही. 'मानणे' हे आतले आहे, 'पाळणे' हे आचाराचे, 'सांगणे' हे वाणीचे. 'प्रोफेस' मध्ये तिन्हींचा अंश आहे आणि भर शेवटच्यावर आहे. परिणाम असा की जो मनुष्य आपला धर्म गुप्त ठेवील तो जागेस पात्र राहील आणि जो अभिमानाने सांगेल तो अपात्र ठरेल. न्यायालयापुढे जो मजकूर होता त्याचा हा सरळ अर्थ होता. दोष असेल तर तो त्या मजकुरात होता.

१९९० मध्ये संसदेने आदेश दुरुस्त केला आणि तिसऱ्या परिच्छेदात हिंदू व शीख यांच्यासह 'बौद्ध' हा शब्द आला. तेथे हे प्रकरण संपावयास हवे होते. पण मतदारसंघांवर त्याचा परिणाम लगेच झाला नाही. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने जागांचे वाटप २००० नंतरच्या जनगणनेपर्यंत १९७१ च्या जनगणनेवर गोठविले होते. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे ६ टक्के होते, कारण बौद्ध त्यांत धरलेले नव्हते. म्हणून २८८ पैकी १८ जागा. १९९० नंतर बौद्धांची गणना अनुसूचित जातींत होऊ लागली, परंतु १९९५, १९९९ आणि २००४ या तिन्ही निवडणुका त्या १८ जागांवरच झाल्या. २००१ च्या जनगणनेत हे प्रमाण १०.२ टक्के आले आणि त्या आधारावर काढलेल्या २००८ च्या आदेशाने जागा २९ झाल्या. अकरा जागांची ही वाढ लोकसंख्येची वाढ म्हणून दाखविली जाते. काही अंश तसा असेल. परंतु तीस वर्षांत कोणत्याही समाजाचे प्रमाण नैसर्गिक वाढीने इतके चढत नाही. ही वाढ मुख्यतः एका शब्दाचा आदेशात प्रवेश होण्याची आहे, आणि तो शब्द आदेशात आल्यापासून नकाशावर उतरेपर्यंत अठरा वर्षे लागली. धर्मांतरापासून मोजले तर बावन्न. तुलनेसाठी अनुसूचित जमातींच्या जागा पाहाव्यात: २२ वरून २५. तेथे धर्माची अट नाही.

याच संदर्भात परिसीमन कायद्यातील दोन विशेषणांकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. अनुसूचित जमातींच्या जागा त्यांचे प्रमाण जेथे 'सर्वाधिक' असेल तेथे ठेवावयाच्या. अनुसूचित जातींच्या जागा राज्याच्या निरनिराळ्या भागांत विखुरून, त्यांचे प्रमाण जेथे 'तुलनेने अधिक' असेल तेथे. पहिले विशेषण यांत्रिक आहे. यादी उतरत्या क्रमाने लावली की उत्तर मिळते. दुसरे निवड मागते. कशाच्या तुलनेने, आणि किती विखुरून, हे आयोग ठरवितो. आयोगाबरोबर बसणाऱ्या खासदार-आमदार सहसभासदांना मताचा अधिकार नसतो आणि आदेश एकदा राजपत्रात आला की त्यास कायद्याचे बळ येते, न्यायालयात त्याला आव्हान देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मेघराज कोठारी यांच्या प्रकरणात १९६६ मध्ये हे स्पष्ट केले. 'तुलनेने अधिक' हे दोन शब्द, ज्यावर अपील नाही अशा मजकुराचा पाया आहेत. अशा शब्दांचा अन्वयार्थ लावण्याचे काम कायद्याच्या पंडितांनीच करावे असे मानले जाते, ते खेदाचे आहे.

२००८ च्या आदेशातील गणित स्वतंत्रपणे ताडून पाहता येते आणि ते बरोबर येते. २००१ ची राज्याची लोकसंख्या ९ कोटी ६९ लाख. २८८ ने भागिली असता दर जागेस सुमारे ३ लाख ३६ हजार. १९७१ मध्ये हाच भागाकार १ लाख ७५ हजार होता. त्या मापाने तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या जागा १३ वरून २४ झाल्या, मुंबई उपनगराच्या १७ वरून २६, मुंबई शहराच्या १७ वरून १०. विदर्भ ६६ वरून ६२ वर आला, कोल्हापूर १२ वरून १० वर, रत्नागिरी ७ वरून ५ वर. गिरण्या बंद पडल्यानंतरच्या मुंबईची आणि कोकणातून निघालेल्या माणसांची वाट यात स्पष्ट दिसते: रत्नागिरीची माणसे विरार-डोंबिवलीच्या बाजूस गेली आणि त्यांच्या मागोमाग जागाही गेल्या. १९१९ मध्ये रत्नागिरीस सवलत देणारा नियम होता. २००८ च्या भागाकारात अशी सवलत नाही. समतेच्या तत्त्वास ते धरून आहे. विरळ वस्तीच्या डोंगराळ प्रदेशाला तेच तत्त्व जड जाते, हेही तितकेच खरे.

गणित निर्दोष, नावांचे तसे नाही. १९७८ ते २००४ या काळातील मुंबई शहराच्या सतरा मतदारसंघांपैकी उमरखाडी, खेतवाडी, ऑपेरा हाऊस, चिंचपोकळी, नागपाडा, माझगाव, परळ, नायगाव, दादर आणि माटुंगा ही दहा नावे गेली. सायन कोळीवाडा, वडाळा आणि भायखळा ही तीन आली. १९३७ च्या 'भायखळा व परळ' मधील भायखळा परतला आणि परळ नाहीसा झाला. गिरणगावाची ओळख ज्या नावांत होती त्यांतील परळ, नायगाव, चिंचपोकळी ही तिन्ही एकाच आदेशात पुसली गेली, आणि त्याबद्दल एक वाक्यही कोठे लिहिलेले नाही, कारण नाव ठेवण्याचे कारण देण्याचे बंधन आयोगावर नाही. उपनगरात उलट घडले. मागाठाणे, चारकोप, दिंडोशी ही शहराच्या विस्तारात बुडत चाललेली जुनी गावनावे राजपत्रात वर आली. प्राचीन बौद्ध लेण्यांमुळे इतिहासकारांना ठाऊक असलेले मागाठाणे आता प्रत्येक निवडणुकीच्या निकालात वाचावयास मिळते. त्याच यादीच्या इंग्रजी पाठात 'वांद्रे' मराठी उच्चाराप्रमाणे लिहिले आहे आणि 'भायखळा' व 'शीव' इंग्रजी वळणाने. एकाच कागदावर दोन लेखनरीती कशा नांदतात याचे कारण सापडत नाही.

दक्षिण महाराष्ट्रातील नावांत अधिक शिकण्यासारखे आहे. सांगली जिल्ह्यातील 'भिलवडी-वांगी' जाऊन 'पलूस-कडेगाव' आले. कोल्हापुरातील 'वडगाव' जाऊन 'हातकणंगले' आले. 'सांगरूळ' गेले, त्याच्या जागी काहीच आले नाही. भिलवडी, वांगी, सांगरूळ ही गावे आहेत. पलूस, कडेगाव, हातकणंगले ही तालुक्यांची नावे. गावाच्या नावाने ओळखला जाणारा मतदारसंघ हा त्या परिसराने आपल्यापुरता निवडलेल्या मध्याची खूण असतो. तालुक्याच्या नावाने ओळखला जाणारा हा कचेरीची. याला अपवादही आहेत, 'वाळवा' जाऊन 'इस्लामपूर' आले तेव्हा तालुक्याचे नाव गेले आणि शहराचे आले. तथापि एकंदर कल महसुली भाषेकडे आहे. आदेशाचे शरीर पाहिले तर याचे नवल वाटणार नाही: तालुका, महसूल मंडळ, सझा, नगरपालिकेचा प्रभाग, एवढ्याच नामांवर त्याची वाक्यरचना चालते, क्रियापदे जवळजवळ नाहीतच. मतदारसंघ म्हणजे मंडळांची व सझांची बेरीज. सझा हा तलाठ्याच्या कामाचा घटक आहे. सारा गोळा करण्यासाठी आखलेली रेषा मताची रेषा झाली. १९१९ मध्ये साऱ्याची वही मतदार ठरवीत होती. २००८ मध्ये ती मतदार ठरवीत नाही, पण त्याचा शेजारी ठरविते.

हे घटकही १५ फेब्रुवारी २००४ रोजी जसे होते तसे धरले गेले. त्यानंतर तालुके बदलले, प्रभाग अनेकदा बदलले, २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर जिल्हा निघाला. आदेश त्या तारखेवर उभा राहिला. नावांचेही तेच. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर. परंतु नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा निवडणूक 'औरंगाबाद पूर्व', 'उस्मानाबाद', 'अहमदनगर शहर' याच नावांच्या मतदारसंघांत झाली. धाराशिवचा रहिवासी उस्मानाबादचा मतदार होता. जिल्ह्याचे नाव बदलण्याचा अधिकार एका यंत्रणेकडे आणि मतदारसंघाचे दुसरीकडे असल्यामुळे हे घडले. व्यवहारात त्यामुळे अडचण आली नाही, कारण मतदारसंघाचे नाव हे विशेषनाम असते, वर्णन नसते.

या सर्व आदेशांपूर्वी आयोग आपला प्रस्ताव प्रसिद्ध करतो, हरकती मागवितो आणि जाहीर बैठका घेतो. कोणते मंडळ कोणत्या तालुक्याशी जोडावे, बाजार कोठे भरतो, पावसाळ्यात कोणता ओढा ओलांडता येत नाही, अमुक दोन गावांचे वैर किती जुने आहे, हे सारे गावकऱ्यांनी त्या हरकतींत स्वतःच्या मराठीत लिहिलेले असते. राजपत्रातील मजकुरात त्यातील एकही वाक्य उतरत नाही. त्या अर्जांतील भाषेचा संग्रह व अभ्यास एखाद्या मराठी विभागाने हाती घेतल्यास 'मतदारसंघ' या शब्दातील 'संघ' प्रत्यक्षात कसा बोलतो, ते पाहावयास मिळेल.